खुनाच्या केसमध्ये गुन्हा कबूल केला तर शिक्षा कमी होते का?

तुमचा प्रश्न वाचला. आधी मला जे समजलं ते माझ्या शब्दांत मांडते, कुठे चुकले तर सांगा, कारण अशा केसमध्ये एक तपशील बदलला तरी सल्ला बदलतो.

तुमचा चुलत भाऊ, वय २६, आधीचा एकही गुन्हा नाही. सकाळी पाणी द्यायला गेला, बांधावरून शेजाऱ्याशी भांडण जुंपलं, हातात खोरं होतं त्याच्या दांड्याने डोक्यात एक फटका मारला. माणूस पडल्यावर भावानेच टेम्पोत घालून त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथून जिल्ह्याला हलवलं आणि नवव्या दिवशी तो वारला. आधी भारतीय न्याय संहितेचं १०९ म्हणजे खुनाचा प्रयत्न लावलं होतं, मृत्यूनंतर १०३(१) म्हणजे आपलं जुनं ३०२ लागलं. अकरा महिने तो आत आहे, केस सेशन्सला कमिट झालीय, म्हणजे सेशन्स कोर्टाकडे सोपवलीय, पण चार्ज अजून फ्रेम झालेला नाही, म्हणजे कोर्टाने आरोप निश्चित केलेले नाहीत. आता ओळखीतला एक जण म्हणतोय की गुन्हा कबूल करा, 'प्ली बार्गेनिंग', म्हणजे कबुलीच्या बदल्यात कमी शिक्षेचा सौदा, करून पाच-सात वर्षांत मिटवून देतो, तीन लाख लागतील. तुमच्या चुलती म्हणतात की मारलंय तर खरं सांगून टाकावं, देव बघून घेईल. आणि तुम्ही विचारताय की मयताच्या घरच्यांशी मिटवलं तर केस मागे घेता येईल का.

मी बावीस वर्षं सेशन्स कोर्टात आरोपीच्या बाजूने खुनाच्या केसेस चालवते. सगळ्यात आधी हे सांगते की त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. तो विकतोय ती गोष्ट खुनाच्या केसमध्ये कायद्यातच नाही.

प्ली बार्गेनिंग आपल्याकडे ५ जुलै २००६ पासून आलं, तेव्हा क्रिमिनल प्रोसिजर कोडमध्ये २१-अ हे प्रकरण घातलं गेलं, आणि १ जुलै २०२४ पासून तेच नागरिक सुरक्षा संहितेच्या २८९ ते ३०० या कलमांत आहे. पण पहिल्याच कलमात दार बंद केलंय. ज्या गुन्ह्याला फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षांपेक्षा जास्त कैद होऊ शकते त्याला हे लागूच होत नाही. खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे म्हणजे तो बाहेर. आणि बरेच जण इथे चुकतात, ते म्हणतात ३०२ नाही तर निदान ३०४ वर आणून बार्गेनिंग करू. तेही होत नाही, कारण सदोष मनुष्यवधाला (खुनाच्या खालचा गुन्हा), म्हणजे जुन्या ३०४ आणि नव्या १०५ ला, एका भागात जन्मठेपेपर्यंत आणि दुसऱ्या भागात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दोन्ही सातच्या वर. माणूस मेल्याच्या केसमध्ये प्ली बार्गेनिंग मुख्यतः एकाच ठिकाणी उपयोगी पडतं, निष्काळजीपणाने मृत्यू, म्हणजे जुनं ३०४-अ आणि आताचं १०६(१). त्यात कमाल पाच वर्षं आहेत, बार्गेनिंग झालं तर चौथा हिस्सा म्हणजे पंधरा महिने आणि पहिलाच गुन्हा असेल तर सहावा हिस्सा म्हणजे दहा महिने असा हिशोब येतो, आणि अर्ज चार्ज फ्रेम झाल्यापासून तीस दिवसांत करावा लागतो. ज्यांच्या घरात रस्ता अपघाताची केस चालू आहे त्यांनी ही तारीख लिहून ठेवा, मी कितीतरी लोक बघितलेत ज्यांना हे कळलं तोवर तीस दिवस उलटून गेले होते. तुमच्या भावाच्या केसचा याच्याशी संबंध नाही.

आता लोकांच्या डोक्यात हे येतं कुठून? अमेरिकेतून. तिकडे सरकारी वकिलाच्या हातात कलम असतं, तो आरोपीच्या वकिलाला सांगू शकतो की सेकंड डिग्री मर्डर, म्हणजे खालच्या दर्जाचा खून, कबूल कर, मी फाशी मागत नाही, आणि तिकडच्या शिक्षांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त अशा कबुलीवरच होतात. आपल्याला समजेल असं उदाहरण म्हणजे २६/११. त्याच हल्ल्याच्या कटातल्या डेव्हिड हेडलीने मार्च २०१० मध्ये शिकागोच्या कोर्टात कबुलीचा करार केला, बदल्यात फाशी नाही आणि भारताच्या ताब्यात देणं नाही असं ठरलं, आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षं झाली. इकडे मुंबईत कसाबने २० जुलै २००९ ला खटला चालू असताना उभं राहून कबुली दिली. कोर्टाने ती रेकॉर्डवर ठेवली पण त्यात सगळे आरोप मान्य केलेले नाहीत म्हणून खटला पुढे चालूच ठेवला, पुढचे साक्षीदार झाले, मे २०१० मध्ये फाशी सुनावली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात ती दिली गेली. या दोघांची आणि तुमच्या भावाची काही तुलना नाही, ते मला माहीत आहे. मी एवढंच दाखवतेय की तिकडे कबुली ही देवाणघेवाण असते आणि आपल्याकडे खुनात कबुली दिली तर समोरून काही मिळत नाही.

तिकडचंही सगळं चांगलं आहे असं समजू नका. नॉर्थ कॅरोलिनातल्या अल्फर्ड नावाच्या आरोपीने मी मारलं नाही असं कोर्टात सांगतच सेकंड डिग्री मर्डर कबूल केलं, कारण न केलं तर फाशीची भीती होती, ३० वर्षं झाली आणि १९७० मध्ये तिकडच्या सुप्रीम कोर्टाने ती कबुली चालेल म्हटलं. भीतीपोटी कबूल करणारा निर्दोष माणूस, हीच काळजी आपल्या सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये कासमभाईच्या केसमध्ये बोलून दाखवली होती आणि तेव्हा तर हा सगळा प्रकारच घटनाबाह्य ठरवला होता. म्हणून पुढे कायदा आला तरी खून वगैरे बाहेर ठेवला.

आता समजा बार्गेनिंग नाही, पण भावाने सरळ 'कबूल आहे' म्हटलं तर? हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण चार्ज फ्रेम होताना जज त्याला विचारणारच आहेत. कलम वाचून दाखवतील, समजलं का विचारतील, मग म्हणतील गुन्हा कबूल आहे का. कायद्यात जजना त्या कबुलीवर शिक्षा देण्याचा अधिकार आहे, बंधन नाही. खुनात सहसा जज ती घेत नाहीत, मुंबई हायकोर्टाचा १९१७ सालचा निकाल आहे की फाशी होऊ शकेल अशा गुन्ह्यात नुसत्या कबुलीवर शिक्षा देण्याची प्रथा नाही, पुरावा घ्यावा. पण 'सहसा' या शब्दावर माणसाचं आयुष्य टाकायचं नसतं.

कारण बघा काय होतं. १०३(१) मध्ये जजपुढे दोनच शिक्षा आहेत, फाशी किंवा जन्मठेप. तिसरी नाही. जज कितीही कनवाळू असले, पोराचं वय बघून त्यांचा जीव कितीही तुटला, तरी खून सिद्ध झाल्यावर ते आठ वर्षं किंवा बारा वर्षं लिहूच शकत नाहीत. म्हणजे कबुलीची सूट द्यायला त्यांच्याकडे जागाच नाही. आणि वरून, सेशन्स कोर्टात कबुलीवर शिक्षा झाली की दोषी ठरवण्याविरुद्धचं अपीलही गेलं, फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यावरच अपील राहतं. जन्मठेप तर कमीत कमी शिक्षा, मग अपिलात मागणार काय? आणि जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं हाही गैरसमज काढून टाका. १९६१ मध्ये गोपाळ गोडसेच्या केसमध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. चौदा वर्षं ही सरकारने सोडायचा विचार करण्याआधीची किमान प्रत्यक्ष कैद आहे, त्यानंतर सोडतीलच असं नाही, राज्याच्या गाईडलाइन्समध्ये गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणे वर्षं ठरलेली असतात आणि ती चौदाच्या पुढे जातात.

माझ्याकडे बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक पोरगा होता, तुमच्या भावाहून लहान. चार्जच्या दिवशी त्याला व्हॅनमधून आणलं, मी दुसऱ्या कोर्टात एका साक्षीदाराच्या उलटतपासणीत अडकले होते आणि ज्युनिअरला सांगून ठेवलं होतं, ती धावत पोचेपर्यंत जजनी विचारून झालं होतं. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, चूक झाली." जजनी पेन खाली ठेवलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वकील कुठे आहेत? आधी त्यांच्याशी बोल." त्या दिवशी त्या खुर्चीत घाईचा माणूस असता तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करते, आणि तेव्हापासून चार्जच्या तारखेला मी स्वतः हजर असते, कुठलीही केस असू दे.

तर मग मार्ग काय? मार्ग आहे, आणि तुमच्या केसमध्ये तो बऱ्यापैकी रुंद आहे असं मला वाटतं. खरी लढाई शिक्षेवर नसते, कलमावर असते. १०३ की १०५, आणि १०५ असेल तर पहिला भाग की दुसरा. वर्षं तिथेच कमी-जास्त होतात. १०५ च्या पहिल्या भागात जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं, दुसऱ्यात दहा वर्षांपर्यंत कितीही, किमान नाही. तिथे गेल्यावर जजच्या हाताला जागा मिळते, तिथे वय, पहिला गुन्हा, घरची परिस्थिती, पश्चात्ताप हे सगळं मोजलं जातं, आणि आत काढलेले अकरा महिने किंवा तोवर जितके होतील तितके शिक्षेतून वजा होतात.

हे ठरतं कशावर? हेतूवर. आणि हेतू कोणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो म्हणून कोर्ट बाकीच्या गोष्टींवरून तो काढतं. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये पुलिचेर्ला नागराजूच्या केसमध्ये याची यादीच दिलीय, मी प्रत्येक केस त्याच चाळणीतून घालते. हत्यार घरून आणलं की जागेवर हाताला लागलं. किती वार. कुठे. किती जोराने. आधीचं वैर होतं का. भांडण अचानक झालं का. समोरच्याचा गैरफायदा घेतला का, म्हणजे तो पडल्यावरही मारत राहिला का.

तुमच्या सांगण्यावरून पाणी द्यायला गेलेल्या माणसाच्या हातात खोरं असणारच, ते मारायला आणलेलं हत्यार नाही. दांड्याकडून मारलंय, पात्याकडून नाही, हे मोठं आहे. जखमेच्या वर्णनात ते जुळतंय का ते पीएम (पोस्टमॉर्टेम) रिपोर्टमध्ये बघा, पात्याची जखम चिरल्यासारखी दिसते, दांड्याची वेगळी. एकच फटका. पण इथे थांबा, 'एकच फटका म्हणजे ३०४' हा नियम नाही. १९५८ चा विरसा सिंगचा निकाल प्रत्येक सरकारी वकिलाच्या तोंडावर असतो. भाल्याचा एकच वार होता, पोटात, आणि कोर्ट म्हणालं की मारण्याचा हेतू होता का हे बघायची गरज नाही, तीच जखम करायचा हेतू होता का आणि ती जखम सर्वसाधारणपणे मृत्यू आणण्याइतकी होती का, एवढं बस. म्हणून डोकं हा नाजूक भाग आहे हे सरकारी वकील धरून बसणार. तुमच्या वकिलांनी डॉक्टरची उलटतपासणी त्याच जागी करायची आहे. नऊ दिवस कसे गेले, ऑपरेशन झालं का, कधी झालं, शेवटी मृत्यूचं कारण काय लिहिलंय, जखम थेट की नंतरचं इन्फेक्शन.

यात एक सावधानता. बरेच नातेवाईक म्हणतात डॉक्टरांनी नीट उपचार केले नाहीत म्हणून तो मेला, मग आमच्या माणसाचा दोष काय. कायद्यात याचं उत्तर स्पष्ट आहे, योग्य उपचारांनी वाचला असता तरी जखम करणाराच मृत्यूला कारण धरला जातो. म्हणजे यावर सुटका होणार नाही. पण जखम किती गंभीर होती, ती मारणारीच होती का, हे दाखवायला ते नऊ दिवस उपयोगी येतात. दोन्हीतला फरक लक्षात ठेवा, आणि हॉस्पिटलवर आरोप करत बसू नका, जज वैतागतात आणि मुद्दा हरवतो.

दुसरा रस्ता म्हणजे खुनाच्या व्याख्येतले अपवाद. अचानक भांडण, रागाच्या भरात, आधी ठरवलेलं नाही, गैरफायदा घेतला नाही, क्रूरपणा नाही, तर तो खून राहत नाही, सदोष मनुष्यवध होतो. यात पहिला हात कोणी उचलला यालाही महत्त्व नाही असं कायदाच म्हणतो, हे लोकांना माहीत नसतं. आणि 'अचानक' म्हणजे काय हे समजायला नानावटीची केस आठवा. २७ एप्रिल १९५९, नौदलातला अधिकारी, बायकोने सगळं सांगितलं, त्याने तिला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्वर घेतलं, आधी ऑफिसला गेला, मग फ्लॅटवर. ज्युरीने सोडलं, हायकोर्टाने जन्मठेप दिली, आणि सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये ती कायम केली, कारण मधल्या सुमारे तीन तासांत राग शांत व्हायला वेळ होता. तुमच्या भावाच्या केसमध्ये शब्दाला शब्द आणि फटका यात किती वेळ गेला? तो घरी जाऊन परत आला का? हे अगदी खरं मला किंवा तुमच्या वकिलांना सांगा. घरी जाऊन परत आला असेल तर माझं निम्मं उत्तर बदलतं.

आता ज्यावरून मी हे एवढं लांबलचक लिहायला बसले ते. भावानेच त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. ती तुमच्या केसमधली सगळ्यात मौल्यवान ओळ आहे. ज्याला माणूस मारायचाच होता तो त्याला दवाखान्यात घेऊन पळत नाही. पण हे तोंडाने सांगून चालत नाही, कागदावर यावं लागतं.

एका केसमध्ये मी हे उशिरा शिकले. दोन मित्रांचं दारूच्या दुकानामागे भांडण, एक फटका, सहाव्या दिवशी मृत्यू. आरोपी मला पहिल्या दिवसापासून सांगत होता, मॅडम मीच त्याला रिक्षातून नेला, मी ऐकून घेतलं आणि पुढे गेले कारण चार्जशीटमध्ये तसं काहीच नव्हतं, पोलिसांनी रिक्षावाल्याचा जबाबच घेतला नव्हता. साक्षीपुरावा निम्मा झाल्यावर एका दुपारी मी सहज त्या ग्रामीण रुग्णालयाचं एमएलसी रजिस्टर, म्हणजे पोलीस केसमधल्या रुग्णांची नोंदवही, मागवायचा अर्ज दिला. रजिस्टर आलं, निळ्या कव्हरचं, कोपरे दुमडलेले, आणि त्यात 'आणणाऱ्याचं नाव' या रकान्यात माझ्या आरोपीचं नाव होतं, समोर 'मित्र' असं लिहिलेलं, खाली त्याची वेडीवाकडी सही. वेळ, घटनेनंतर वीस-पंचवीस मिनिटांची. ते रजिस्टर सिद्ध करायला आलेल्या क्लार्कची साक्ष पाच मिनिटं चालली असेल. निकालात जजनी त्या सहीवर एक पूर्ण परिच्छेद लिहिला, ३०२ जाऊन ३०४ चा दुसरा भाग आला, सहा वर्षं. तो रकाना मी पहिल्या महिन्यात बघितला असता तर त्याचा जामीनही कदाचित लवकर झाला असता. म्हणून तुम्ही आजच हे करा. त्या ग्रामीण रुग्णालयात त्या दिवशीचं एमएलसी रजिस्टर आणि केस पेपर आहे का, आणणाऱ्याचं नाव काय लिहिलंय, हे वकिलांना मागवायला सांगा. जुनी रजिस्टरं कुठल्या खोलीत जातात ते देवाला ठाऊक. टेम्पोवाला कोण, त्याचं नाव-गाव, फोनची नोंद असेल तर तीही.

इथे एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो परिस्थितीवर अवलंबून आहे, बाहेरून मी ठरवू शकत नाही. 'आमचा माणूस तिथे नव्हताच' आणि 'भांडणात अचानक झालं' या दोन गोष्टी एकत्र नीट चालत नाहीत. कायद्याने पर्यायी बचाव घेता येतो, पण जज माणूस आहे, त्याला दोन्ही ऐकल्यावर दोन्हीवर विश्वास बसत नाही. अपवाद आहे हे दाखवण्याची जबाबदारीही आरोपीवर असते, सरकारी पक्षाइतकी कडक नाही, पण असते. बघणारे साक्षीदार किती, कोण, भावकीतले की तटस्थ, त्यांचे जबाब घटनेच्या किती दिवसांनी झाले, हे चार्जशीट वाचूनच कळतं. साक्षीदार पक्के असतील तर मी हजेरी नाकारत नाही, सगळी ताकद हेतूवर लावते. साक्षीदार डळमळीत असतील तर वेगळं. पण दवाखान्यात नेल्याचा मुद्दा घ्यायचा म्हणजे हजेरी मान्य आली, हे घरात सगळ्यांनी समजून घ्या.

चार्जच्या वेळीच १०३ ऐवजी १०५ लावा असा युक्तिवाद करता येतो आणि करावा, पण खरं सांगायचं तर त्या टप्प्यावर जज फक्त वरवरचं बघतात, बहुतेक वेळा १०३ च फ्रेम होतं. घाबरून जाऊ नका. १०३ चा चार्ज असला तरी निकालात १०५ खाली शिक्षा देता येते, त्यासाठी वेगळा चार्ज लागत नाही.

आता मिटवण्याबद्दल. खून तडजोडीने मिटत नाही, मयताच्या आईने कोर्टात येऊन माझी तक्रार नाही म्हटलं तरी केस सरकारची असते. ग्यान सिंग २०१२ आणि नरिंदर सिंग २०१४ या निकालांमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हायकोर्टानेही खुनासारखे गुन्हे तडजोडीवर रद्द करू नयेत. आणि त्या माणसाने 'साक्षीदार फिरवतो' असं काही सुचवलं असेल तर लांब राहा. साक्षीदाराला पैसे देऊन खोटं बोलायला लावणं हा वेगळा गुन्हा आहे, जामीन झाला असेल तर तोही जातो, आणि साक्षीदार फितूर झाला म्हणून त्याची सगळी साक्ष पुसली जात नाही, जेवढं बाकीच्या पुराव्याशी जुळतं तेवढं कोर्ट घेऊ शकतं.

पण मयताच्या घरी लहान मुलं आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्यासाठी तुमच्या घराला खरंच काही करावंसं वाटत असेल तर ते वकिलांमार्फत, उघडपणे, कोर्टाला सांगून करता येतं, शिक्षेच्या सुनावणीच्या वेळी नुकसानभरपाई म्हणून रक्कम भरायची तयारी दाखवता येते. १०५ लागलं तर त्याचा विचार होऊ शकतो. त्याच्या बदल्यात त्यांनी काही बोलावं अशी अट मात्र घालू नका. त्यांचा माणूस गेलाय.

जामिनाबद्दल थोडक्यात. निम्मी किंवा एक तृतीयांश शिक्षा काढली की जामीन, हा नियम फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना नाही, म्हणून त्याची वाट बघू नका. एकच फटका, दवाखान्यात नेणं, वय, चार्जशीट झालेली, अकरा महिने झालेले, यावर सेशन्सला आणि नाही झालं तर हायकोर्टात जामीन मागण्यासारखी ही केस आहे. होईलच असं मी म्हणणार नाही.

तीन लाखांचा विषय तुम्ही काढलात म्हणजे पैशाची ओढाताण आहे हे दिसतंय. जो माणूस कोठडीत आहे त्याला उत्पन्न कितीही असो मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं आणि बऱ्याच जिल्ह्यांत आता लोक अभिरक्षक कार्यालयही आहे, तिथले वकील रोज सेशन्सच्या केसेस चालवतात. जेलमधूनही अर्ज करता येतो. फुकटचा वकील म्हणजे कमी प्रतीचा असं मनात आणू नका, मी त्यांच्यासमोर बसलेय, चांगली माणसं आहेत.

आणि शेवटी तुमच्या चुलतीसाठी, हे त्यांना वाचून दाखवा. काकू, तुमच्या मुलाने जजसमोर 'कबूल नाही' म्हटलं तर तो देवापुढे खोटं बोलला असं होत नाही. जज त्याला विचारणार नाहीत की तू फटका मारलास का. ते विचारतील की तू अमुक माणसाचा खून केलास, हा आरोप कबूल आहे का, आणि कायद्याच्या भाषेत खून म्हणजे जीव घ्यायच्या किंवा जीव जाईल अशीच जखम करायच्या हेतूने मारणं. तुमच्या मुलाने तसं केलं नसेल तर 'कबूल नाही' हेच खरं उत्तर आहे. त्याने फटका मारला, मग त्यालाच उचलून दवाखान्यात नेला, हे दोन्ही खरं आहे आणि ते सांगायची वेळ पुढे येते, पुरावा संपल्यावर जज आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात तेव्हा, वकिलांशी बोलून. पुढच्या मुलाखतीला जेलमध्ये गेलात की त्याला एवढंच सांगा, चार्जच्या दिवशी वकील शेजारी उभे असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हात जोडायचे नाहीत, 'चूक झाली' म्हणायचं नाही. 'आरोप कबूल नाही' हे तीन शब्द. त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्या.

चार्जशीटची कॉपी हातात आली की साक्षीदारांची नावं आणि ओळखीच्या खुणा खोडून पीएम रिपोर्ट आणि पहिल्या दवाखान्याचे कागद काय म्हणतात ते इथे लिहा, मी बघेन.